धार कोण काढणार?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



साथीत गाव सुरक्षित कसे ठेवायचे, याचे सरकारी उत्तर आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. मास्क, अंतर, साबण. त्या उत्तराबद्दल माझी तक्रार नाही. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारायचा आहे. समजा, राहुरीकडच्या एखाद्या वस्तीवर नवरा-बायको दोघांनाही कोरोनाची लक्षणे दिसू लागली. गोठ्यात चार संकरित गाई आहेत. दोन्ही वेळा धार काढावीच लागते, नाही काढली तर कास सुजते, जनावर हातचे जाते. डेअरीला दूध गेले नाही तर दुधाचा पगार बुडतो. या माणसाला ‘घराबाहेर पडू नका’ असे सांगायला काही लागत नाही. धार कोण काढणार, हे मात्र कुणी सांगत नाही. मग तो तपासणीलाच जात नाही. तापाची गोळी घेतो आणि किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभा राहतो. त्याला बेजबाबदार म्हणणारे आपण दुधाची पिशवी दाराशी मिळणारे लोक आहोत.

आपल्या नगर जिल्ह्याने या प्रश्नाची दोन-तीन वेगवेगळी उत्तरे दिली. सगळ्यात गाजले ते हिवरे बाजारचे. 2021च्या दुसऱ्या लाटेत गावात रुग्ण वाढले. गावाने पथके नेमली, लक्षण दिसले की चाचणी आणि बाधिताला लगेच वेगळे ठेवणे असा क्रम लावला आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले. 30 मेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याशी बोलताना या गावाचे नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचे नाव घेतले. त्यांच्यासोबत सोलापूर जिल्ह्यातल्या घाटण्याचे ऋतुराज देशमुख आणि अंत्रोळीच्या कोमल करपे या तरुण सरपंचांचेही घेतले. पुढे पुष्कळ गावांनी ती पथके जशीच्या तशी उचलली. माझ्या मते पथके ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट. 1989पासून या गावाला एकत्र बसून स्वतःवर बंधने घालून घ्यायची सवय आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, पाण्याचा ताळेबंद मांडूनच पीक ठरवायचे. जे गाव शेजाऱ्याच्या विहिरीचा हिशेब मांडते, त्याला शेजाऱ्याच्या गोठ्याचा हिशेब अवघड जात नाही. ही सवय साथ आल्यावर पंधरा दिवसांत लावता येत नाही.

दुसरे उत्तर पारनेर तालुक्यात भाळवणीला उभे राहिले. तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी तिथे 1,100 खाटांचे कोविड केंद्र चालवले. त्यात राजकारण होते, प्रसिद्धीही होती. पण दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात तिथे ‘घरीच वेगळे राहा’ याचा अर्थ काय, हे त्या केंद्राने नेमके ओळखले होते. पुढे 25 मे 2021ला राज्यानेच नगरसह 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केले.

आता जरा मागे जाऊ. प्लेगच्या काळातल्या आठवणी आपल्या घरांतल्या जुन्या माणसांनी ऐकवलेल्या आहेत. उंदीर पडायला लागले की गाव उठून माळावर जायचे, झोपड्या घालून राहायचे. सरकारचा 1897चा साथरोग कायदा याच सुमाराचा, आणि पुण्यात घराघरांत शिरून घेतलेल्या झडत्याही याच वर्षीच्या. झडतीला लोक घाबरले, त्यांनी आजारी माणसे लपवली. माळावर मात्र सारी आळी सोबत गेली, म्हणून तिथे जाणे जमले. तोच कायदा मार्च 2020मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला.

लपवण्याचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला बक्षीसही कारण होऊ शकते. जून 2021मध्ये राज्याने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात 50, 25 आणि 15 लाखांची बक्षिसे. हेतू चांगलाच. पण ज्या गावाला शून्याचे बक्षीस आहे, तिथल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे गाव कसे पाहील? नंतर उलट बाजूही दिसली. ऑक्टोबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातली 61 गावे, जिथे दहाहून जास्त सक्रिय रुग्ण होते, 4 ते 13 तारखेपर्यंत बंद ठेवली गेली. त्याच 4 तारखेला राज्यातल्या शाळा उघडत होत्या, 7 तारखेला शिर्डीचे मंदिर उघडले, आणि संगमनेर तालुक्यातली कितीतरी गावे कुलपात. त्या वेळी बंदी गरजेची असेलही. पण अकराव्या रुग्णामुळे दुकाने बंद होणार हे कळल्यावर अकरावा माणूस चाचणीला जाईल का, याचा विचार आदेश काढणाऱ्याने करायला हवा.

हा विचार या जिल्ह्यात फार आधी झालेला होता. 1970मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावागावांतून बायका निवडून घेतल्या, त्यातल्या बऱ्याच निरक्षर, बऱ्याच दलित, आणि त्यांना आरोग्याचे काम शिकवले. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत. जामखेडने त्याचे उपचार त्याच्या घरी, त्याच्या गावात सुरू केले, आणि औषध द्यायला येणारी बाई त्याच गल्लीतली असे. रोग सांगितला तर आपले घर तुटणार नाही, ही खात्री तिच्यामुळे आली. 1978च्या अल्मा-आता परिषदेतल्या प्राथमिक आरोग्याच्या विचारामागे ज्या प्रयोगांची दखल घेतली गेली, त्यात जामखेड होते. आशा कार्यकर्तीची कल्पनाही त्याच जातकुळीतली.

तर, धार कोण काढणार याचे उत्तर ज्या घरात सापडायचे, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जाणारी एकच व्यक्ती यंत्रणेकडे होती, ती म्हणजे आशाताई. कुणाच्या घरी म्हातारी एकटी, कुणाचे जनावर व्यायला आलेले, हे तिला ठाऊक. तहसीलदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या ज्ञानाची किंमत आपण काय केली, तेही ऐका. 15 जून 2021ला राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभराने संप मिटला, तेव्हा मानधनात 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता कबूल झाला. महिन्याला.