डबा होता, पाणी नव्हतं

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाचनगटात केलेलं भाषण)



पुस्तकं आणि मनाचं आरोग्य यावर बोल, असं मला सांगितलंय. आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला एक ज्युनिअर फार गप्प झाला होता. वर्ग टाळायचा, मेसमध्ये सगळे उठून गेल्यावर यायचा. मी त्याच्या हातात 'बलुतं' ठेवलं. वाटलं, आपल्या माणसाचं आत्मकथन आहे, बळ येईल. चौथ्या दिवशी त्यानं ते परत केलं. म्हणाला, "ताई, हे मी घरी बघितलंय. रात्री एकट्यानं परत कशाला बघू?"

दया पवारांच्या पुस्तकाचा यात काही दोष नाही. ते मी गोळीसारखं दिलं, दोष त्याचा होता. सोबत बसले नाही, त्याला काय होतंय हेही विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही चौघं-पाचजण रविवारी एकत्र वाचायला लागलो. पहिलं घेतलं बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. छोटंसं आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा. नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघालेत. नवे कपडे, नव्या टोप्या, खिशात पैसे. मसूर स्टेशनवर उतरतात, तर घ्यायला कुणीच नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एकजण दुप्पट भाडं घेऊन कबूल होतो, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्री डबा उघडतात, पण प्यायला पाणी मिळत नाही. उपाशीच झोपतात.

इथं आम्ही थांबलो. कारण पुढं कळतं की वडील विसरले नव्हते. मुलांचं पत्र नोकराकडं आलं होतं, त्यानं ते वडिलांना दिलंच नाही.

गटातली एक मुलगी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख गेली, तेव्हा मी बाबांना फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत चिठ्ठी पोचलीच नव्हती." त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही. तिनं गच्चीवर जाऊन घरी फोन लावला.

आपल्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर. रँक विचारतात, आडनाव विचारतात, आपलं इंग्रजी ऐकून कुणीतरी हसतं. आणि खोलीवर येऊन आपण हिशेब मांडतो तो स्वतःच्या नाहीतर आईबापाच्या चुकांचा. 'विचार बदला, आयुष्य बदलेल' छापाची पुस्तकं हाच हिशेब पक्का करतात. मला ती आवडत नाहीत, हे उघडच सांगते. नऊ वर्षांच्या त्या पोरानं कोणता विचार बदलायला हवा होता? तयारी पूर्ण होती. टोपीसुद्धा नवी होती.

त्याच पुस्तकात बडोद्याचा प्रसंग आहे, १९१७ चा. परदेशात शिकून आलेल्या माणसाला पारशांच्या धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. चौकातल्या पुतळ्यात हे दिसत नाही. आमच्यातल्या दोन मुलांना बाबासाहेब रडले होते हेच माहीत नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "मग मी रडलो तर काय झालं?"

एवढ्यानं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि माणूस गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. याच शहरात १७ जानेवारी २०१६ ला आपण रोहित वेमुलाला गमावलं. तोही खूप वाचणारा होता. वाचनानं त्याची थांबलेली फेलोशिप चालू होणार नव्हती. ती लढाई वेगळी आहे आणि ती विद्यापीठाच्या दारातच लढावी लागते.

तो ज्युनिअर आता गटात येतो. वाचत नाही, ऐकतो. परवा त्यानं मला विचारलं, त्या गाडीवाल्याला शेवटी भाडं किती दिलं असेल?

पुढच्या रविवारी बडोदा वाचू. मेसवाला चहा देणार नाही, आपापले कप घेऊन या.