बँकेतली हिंदी ऐकताना

आज हिंदी ऐकण्याविषयी बोलू या. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मालिका तर रोज बघतो की! पण मालिकेत चेहरा दिसतो, एखादं वाक्य सुटलं तरी गोष्ट कळते. बँकेत दुसऱ्या राज्यातून बदलून आलेले साहेब बोलतात, तेव्हा एका शब्दानं खेप वाया जाते.

आणि घोटाळा अवघड शब्दांनी होत नाही, ओळखीच्या शब्दांनी होतो. आपला 'हप्ता' कर्जाचा. हिंदीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. कर्जाच्या हप्त्याला ते 'किस्त' म्हणतात. 'अगले हफ्ते आइए' ऐकून पुढच्या हप्त्यालाच गेलं, तर कामाला महिनाभर उशीर! 'कल' आपल्याला 'काल' वाटतं, पण त्यांचा 'कल' उद्याही असतो. तिथं क्रियापदाकडे कान द्या: 'कल आए थे' म्हणजे काल, 'कल आएंगे' म्हणजे उद्या.

आकड्यांचं तर विचारूच नका. ४९ म्हणजे 'उनचास', ५९ 'उनसठ', ६९ 'उनहत्तर'. हा 'उन' म्हणजे आपला 'एकोण'च. फक्त ८९ला ते 'नवासी' म्हणतात, तो पाठ करून टाका.

'मला हिंदी कळत नाही' म्हणून बाकीच्या मागं राहतात आणि त्याच दोघी वर्षानुवर्षं अध्यक्ष-सचिव होतात, हे मला खटकतं. बँकेचा व्यवहार दोघींनाच ठाऊक असेल, तर गट दहाजणींचा कसा?

म्हणून बैठकीत पाच मिनिटं काढा. हिंदी येणाऱ्या एखाद्या मुलीकडून मोबाइलवर चार वाक्यं बोलून घ्या. पहिल्यांदा ऐकताना फक्त रक्कम पकडायची, बाकी सोडून द्यायचं. दुसऱ्यांदा तारीख. मग शेजारणीला मराठीत सांगायचं. 'मला काहीच कळलं नाही' म्हणणारीला बहुधा रक्कम बरोबर कळलेली असते! अर्थ विचारायची घाई करू नका, पुन्हा ऐकवा.

काउंटरवर 'साहब, जरा धीरे बोलिए' म्हणायचं आणि ऐकलेलं परत बोलून दाखवायचं: 'अगले हफ्ते, यानी सात दिन बाद?' त्यात लाज कसली? पैसे आपले आहेत. छापील अर्ज मराठीतही मिळायला हवा, तो मागा.

येत्या बैठकीत आकड्यांपासून सुरुवात करा. एकीनं हिंदीत रक्कम म्हणायची, बाकीच्यांनी लिहायची. रकमा गटाच्या पासबुकातल्याच घ्या, म्हणजे पासबुकही सगळ्यांच्या नजरेखालून जाईल.