परदेशातला पासपोर्ट आणि घरातली झेरॉक्स

आपल्या खेड-दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात वाडीगणिक कुणी ना कुणी गल्फला आहे. कुणाचा नवरा सौदीत गाडी चालवतो, कुणाचा दीर मस्कतला हॉटेलात आहे. आता आपल्यातल्या बायकाही जातात, कुवेतला घरकामाला, दुबईला पार्लरमध्ये, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. पैसे आले की नाही, हे आपण दर महिन्याला बघतो. पण तिकडच्या माणसाच्या पासपोर्टची मुदत कधी संपते, असं आम्ही गटांच्या बैठकांत विचारलं, तर फार थोड्या जणींना सांगता आलं. बाकीच्या म्हणाल्या, "ते त्यांचं ते बघतील ना!"

ते बघतील, खरं आहे. पण आज आम्ही हेच सांगणार आहोत की यातलं बरंचसं काम इकडच्या घरातूनही होतं.

मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलाचा पाच वर्षांचा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी भारतात यायची गरज नाही. ज्या देशात माणूस कामाला आहे, तिथल्या आपल्या दूतावासात, म्हणजे एम्बसीत किंवा कॉन्सुलेटमध्ये, हे काम होतं. सौदीत रियाधला आणि जेद्दाहला, अमिरातीत अबुधाबीला आणि दुबईला, ओमानात मस्कतला. बऱ्याच ठिकाणी अर्ज घ्यायचं काम दूतावासाने बाहेरच्या केंद्रांना दिलेलं असतं, म्हणून आधी दूतावासाच्या वेबसाइटवर पत्ता बघायचा आणि मगच रिक्षा-टॅक्सीचा खर्च करायचा. सरकारी भाषेत याला 'रि-इश्यू' म्हणतात. अर्जावर हाच शब्द असतो.

वर्षभर आधी कशाला, असं वाटेल. त्याचं कारण असं की, पासपोर्टवरची तारीख ही खरी शेवटची तारीख नसतेच. व्हिसा काढायला, इकामा वाढवायला, विमानात चढायलासुद्धा पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. म्हणजे जानेवारीत संपणारा पासपोर्ट जुलैमध्येच अडायला लागतो. इकामा अडला की माणूस बेकायदेशीर ठरतो, दंड चढतो, आणि तिकडे बेकायदेशीर ठरलेल्या माणसाला कुणीही कसंही राबवून घेतं.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांची मुलगी कुवेतला एका घरात कामाला आहे. घराच्या छपरासाठी मावशींनी गटातून कर्ज घेतलं, तेव्हा हप्ता मुलीच्या पैशांवर अवलंबून म्हणून तिच्या पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावली होती. मे महिन्यात फाइल चाळताना आम्हाला दिसलं, मुदत जानेवारीत संपते. आणि तिचा इकामा सप्टेंबरमध्ये वाढवायचा होता. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "पासपोर्ट मामाकडे आहे." कुवेतमध्ये घरकामाच्या बायका मालकिणीला मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने पासपोर्ट घेऊन कपाटात ठेवला होता, आणि मागितला की "ड्रायव्हर करेल नंतर" एवढंच उत्तर मिळायचं.

इथे थोडं थांबूया. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो मालकाचा नाही, आणि ज्याने पाठवलं त्या एजंटाचाही नाही. सौदीत आणि अमिरातीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं कायद्याने मना आहे. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यातही कामगाराची मर्जी नसताना मालकाने पासपोर्ट ठेवायचा नाही असं आहे. तरी सर्रास ठेवतात. आणि "ठेवू दे गं, तिथे सुरक्षित राहील," असं आपणच फोनवर सांगतो. आम्हाला हे पटत नाही. सुरक्षितच ठेवायचा तर कुलूप आपलं हवं.

तेव्हा गटात काय काय सल्ले निघाले, तेही सांगायला हवं. एका भाबींच्या ओळखीचा एजंट म्हणाला, "हरवला म्हणून लिहून द्या, नवा मिळेल." मावशींना ते सोपं वाटलं. आम्ही त्यांना बसवून समजावलं. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात आहे हे माहीत असताना हरवला म्हणून लिहून देणं म्हणजे सरकारला खोटं सांगणं, आणि तो गुन्हा आहे. शिवाय मालकाने उलट 'कामावरून पळाली' अशी तक्रार ठोकली तर मुलगी तिकडच्या पोलिसांच्या हातात. खरोखर हरवला तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिथल्या पोलिसांकडे नोंद करायची, तो कागद दूतावासात द्यायचा. खर्च जास्त येतो, पण मार्ग आहे.

मुलीने शेवटी भांडण केलं नाही. आम्ही तिला एवढंच म्हणायला सांगितलं, "मामा, पासपोर्ट वाढला नाही तर माझा इकामा वाढणार नाही, आणि दंडाचं लचांड तुमच्याही मागे लागेल." दुसऱ्याच आठवड्यात ड्रायव्हर तिला घेऊन केंद्रात गेला. जुना पासपोर्ट, कुवेतचं सिव्हिल आयडी, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो आणि ऑनलाइन भरलेला अर्ज. अर्ज इथे वाडीतल्या कॉलेजच्या मुलीने भरला आणि व्हॉट्सॲपने पाठवला. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं जुन्या पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असं नाही. बदलायचं असेल तर ते सावकाश, इकाम्याची घाई नसताना करावं.

मालकिणीने ऐकलंच नसतं तर? तर दूतावासात जाऊन खरं ते सांगायचं. तिथे कामगारांसाठी वेगळा विभाग असतो, ते मालकाला बोलावू शकतात. कुवेतच्या आपल्या दूतावासाने संकटातल्या घरकामगार बायकांसाठी निवारा चालवला आहे. बाई बाहेर पडू शकत नसेल तर इकडून घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आणि अगदी परतच यायचं असेल, तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात येण्यापुरतं. आल्यावर नवा पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

आता इकडची बाजू. परदेशात अर्ज केला तरी काही वेळा चौकशी आपल्या गावच्या पत्त्यावर येते. मावशींकडे हवालदार आले ते जुलैत, ऐन लावणीत. घराला कुलूप, मावशी शेतात. शेजारच्या आजींना विचारलं, "ही मुलगी इथे राहते का?" आजी खरं बोलल्या, "छे हो, ती कुठे इथे राहते, गेली कधीची!" झालं. पत्त्यावर राहत नाही, असा शेरा पडला. मावशी दुसऱ्या दिवशी चिखलाच्या पायांनीच रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि मुलीच्या सिव्हिल आयडीची झेरॉक्स घेऊन ठाण्यात गेल्या, सोबत गटाच्या दोघी. मुलगी कामाला परदेशी आहे, कायमचं घर हेच, हे लेखी दिलं. ऑगस्टमध्ये पासपोर्ट आला, सप्टेंबरमध्ये इकामा वाढला. म्हणून अर्ज केल्याचं शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आजींना तर नक्कीच.

आणखी एक. ज्यांनी दहावी केली नाही त्यांचा पासपोर्ट 'ईसीआर' असतो, म्हणजे गल्फसारख्या ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते. आपल्यातल्या काही जणींनी नंतर बाहेरून दहावी दिली, पण पासपोर्टवर शेरा तसाच. नवा काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं तर तो शेरा निघतो. तीन वर्षांहून जास्त परदेशात राहिलेल्यांनाही तो काढून मागता येतो. पण अर्जात तसं भरायला हवं, आपोआप कुणी काढत नाही.

नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो. मालकाला, बँकेला, इकाम्याच्या कार्यालयाला तो कळवायचा. जुना कोपरा कापून परत देतात, तो फेकायचा नाही. त्यात व्हिसा शिल्लक असेल तर दोन्ही एकत्र बाळगायचे.

आमच्या गटांत आता इतिवृत्ताच्या वहीत शेवटचं पान यासाठी राखलं आहे. नाव, देश, पासपोर्टची तारीख, इकाम्याची तारीख. दर बैठकीत हप्ते झाले की ते पान वाचलं जातं. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊन या, पहिल्या आणि शेवटच्या पानाची. मूळ पासपोर्ट आणू नका, एसटीच्या गर्दीत नको. येतो आम्ही, नमस्कार.