रात्रीची लाईन आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या

हरभऱ्याच्या हंगामात अकोला-अमरावतीकडच्या शेतकऱ्याची झोप शेतीपंपाच्या विजेवर ठरते. एक पाळी दिवसाची, दुसरी रात्रीची. रात्रीची लाईन आली, की थंडीत उठून ओलितासाठी वावरात जायचं. उन्हाळ्यात जागरणाचं कारण बदलतं. मे 2024 मध्ये उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं. तसल्या दिवसांत मध्यरात्रीही भिंती तापलेल्याच असतात.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो. झोप मोडली की हा उतार हुकतो, आणि त्याचा पहिला मार बसतो मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांना. त्या मोठ्या धमनीतूनच थेट फुटतात. मोटरच्या मुख्य पाइपाला ठिबकची नळी लावावी तसा दाब त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं हा दाब सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी बुजते, एखादी फुटते. बुजलेल्या जागी उरलेला लहानसा व्रण कित्येकदा कळतही नाही. पुढे चाल मंदावते, विसर वाढतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांचं दुखणं याहून बिकट: प्रत्येक अडकण्यागणिक प्राणवायू घटतो, दाब उसळतो, म्हणून गोळ्या चालू असूनही कित्येकदा बी.पी. उतरत नाही.

अशी धमनी बुजण्या-फुटण्यातून येणारा लकवा, म्हणजे पक्षाघात, हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, हा समज विदर्भातच मोडला. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या 1599 मृत्यूंची कारणं तपासली. त्यांतले 229 पक्षाघाताचे, म्हणजे सगळ्या कारणांत पहिले! आणि बहुतेक माणसं घरीच गेली.

उपाय मात्र हाताशी आहे. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात (2019) बी.पी.चा वरचा आकडा 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्या गटात, 140 चं लक्ष्य असलेल्या गटापेक्षा, स्मृती-आकलनाची सौम्य घट 19 टक्क्यांनी कमी दिसली. गावाकडे "डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?" म्हणत औषध सुटतं, हे फार जिवाला लागतं. परदेशातून आई-बाबांना फोन करणाऱ्यांनी "जेवण झालं का?" याच्या जोडीला गोळी, झोप आणि घोरणं विचारावं, शंका असेल तर 24 तासांचं बी.पी. मोजायला सांगावं.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिची चर्चा वीजदर आणि साप-विंचवाच्या भीतीभोवतीच फिरते. बी.पी.च्या गोळ्या घेणाऱ्या साठीच्या शेतकऱ्याची झोपही त्या चर्चेत यायला हवी.