हुकूमशाहीचा कापूस



हुकूमशाही म्हणजे काय, ते कापसाला विचारा! पोर्तुगालच्या सालाझारने १९३३ साली स्वतंत्र युनियन मोडल्या, संपावर बंदी घातली. त्याच्या ताब्यातल्या मोझांबिकात शेतकऱ्याला सक्तीने कापूस पेरायला लावला. भाव सरकार ठरवणार, तोही बाजारापेक्षा कमी. पोटाचं धान्य पेरायला सवड उरेना. गावंच्या गावं उपाशी. तो स्वस्त कापूस गेला पोर्तुगालच्या गिरण्यांत. नफा मालकाचा, साच्यावरचा कामगार पगारवाढ मागू लागला, की दारात गुप्त पोलीस! याच राजवटीने १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. १९६१ साली गोवा सुटला, १९७४ साली ती राजवटही कोसळली.

बंधूंनो, कामगाराचं तोंड बांधलं, की शेतकऱ्याचं शेतही लुटलं जातं. आपली युनियन सांभाळा!