रांगेचा हिशेब

(मंडळाच्या भोसले घाट, वाराणसी येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या या घाटावर उभे राहून वाणसामानाविषयी बोलणे कित्येकांना अनुचित वाटेल. गंगेच्या काठी मोक्षाची चर्चा करावी, साखरेची नव्हे! परंतु घरापासून दूर येऊन राहिलेल्या माणसांचा प्रपंच हाच आजचा विषय आहे, आणि प्रपंचात रांग कोणाला चुकली आहे? पंढरीच्या दर्शनबारीत आपण तासन्‌तास उभे राहतो. त्या तिष्ठण्याला अर्थ असतो. सुपरमार्केटच्या गल्ल्यापाशी पोहे-डाळ घेऊन तिष्ठण्यात मात्र पुण्य नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. शहरातील एका मोठ्या दुकानात माझ्या पुढे आपल्यातीलच एक वृद्ध काकू उभ्या होत्या. टोपलीत रवा, बेसन, पिठीसाखर. अर्धा तास लोटला, तरी रांग हलेना. अखेर त्यांनी टोपली खाली ठेवली आणि "यंदा फराळ राहू दे," असे म्हणून त्या रिकाम्या हातांनी निघून गेल्या. मी काय केले? एक पाऊल पुढे सरकलो! घरी पोहोचल्यावर त्या एका पावलाची मला लाज वाटली. आजचे बोलणे त्या लाजेतून आले आहे.

रांगेचे शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग नावाच्या गणितज्ञाने 1909 साली त्याचा पाया घातला. त्याला प्रश्न पडला होता तो दूरध्वनीचे कॉल किती खोळंबतील याचा. पण तोच विचार गल्ल्यालाही लागू पडतो. शेजारची रांगच नेहमी वेगाने सरकते, अशी आपली तक्रार असते. त्यात दैवाचा दोष नाही. तीन रांगा असतील, तर आपली सर्वांत जलद असण्याचा संभव तीनांत एक; उरलेले दोन भाग शेजाऱ्यांचे. म्हणूनच सर्वांची एकच रांग करून पुढच्या माणसाला रिकाम्या झालेल्या गल्ल्याकडे पाठविणे न्याय्य ठरते. एखादे गिऱ्हाईक अडले, तरी सारी रांग अडत नाही.

आता एक साधा हिशेब पाहा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे देणे, पावती घेणे, पिशवी उचलणे यांत समजा 40 सेकंद जातात, आणि प्रत्येक वस्तूला 3 सेकंद. पन्नास वस्तूंची एक भरलेली गाडी 190 सेकंदांत मोकळी होते. पाच-पाच वस्तू घेतलेल्या चार माणसांना मात्र 220 सेकंद लागतात. वस्तू वीसच, पण वेळ अधिक! रांग लांबते ती सामानापेक्षा माणसांच्या संख्येमुळे. तेव्हा भरलेल्या गाडीला भिऊ नका, डोकी मोजा. महिन्याचा पहिला आठवडा, रविवारची संध्याकाळ आणि सणाची पूर्वसंध्या टाळा. यादी करून जा.

परंतु या युक्त्या सशक्तांच्या कामाच्या आहेत. काकूंचे काय? त्याचे उत्तर त्याच हिशेबात आहे: दहा घरांनी दहा वेळा उभे राहण्याऐवजी दहा घरांची खरेदी एकदाच व्हावी.

हे स्वप्नरंजन नव्हे. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच करून दाखविले. बिंदुमाधव जोशी यांच्यासारखा कार्यकर्ता आणि सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार या चळवळीत उभे राहिले. शेजारची कुटुंबे संघ करतात, आपापली गरज आगाऊ लिहून देतात, एकत्रित खरेदी होते, ठरल्या दिवशी माल एका घरी येतो, आणि सभासद स्वतःच तो वाटून घेतात. दुकान नाही, गल्ला नाही, म्हणून रांगही नाही.

आपल्याला हे जमणार नाही काय? विश्वेश्वरगंजचा घाऊक बाजार येथून दूर नाही. प्रत्येक घराने महिन्याच्या पंचविशीपर्यंत यादी व पैसे द्यावेत. दोघांनी जाऊन माल आणावा. गल्लीच्या तोंडापर्यंत हातगाडी, पुढे तरुणांचे खांदे. एका घरी काटा मांडून वाटणी व्हावी. अडचणीही सांगतो. पोते पुरते खपेल एवढीच मागणी एकत्र करावी, नाही तर उरलेला माल कोणाच्या तरी गळ्यात पडतो. भाजी-दुधासारखा नाशवंत माल यात घेऊ नये. हिशेबाची वही सर्वांसाठी उघडी असावी. पैशांच्या संशयाने भली भली मंडळे मोडली आहेत. आणि ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांची पिशवी सर्वांत आधी त्यांच्या दारी पोहोचावी.

घरपोच माल आणून देणाऱ्या कंपन्या आज आहेत, हे मी जाणतो. ज्यांना सोयीचे वाटेल त्यांनी खुशाल मागवावे. पण पिशवी देताना "काकू, गुडघा कसा आहे?" असे विचारणारा माणूस मालाबरोबर मागविता येत नाही. परक्या मुलखात पन्नास वर्षे आपण गणपती एकत्र बसविला. आता रवा-बेसनही एकत्र आणू या.

त्या काकू आज येथे बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही. काकू, येत्या दिवाळीची पहिली यादी तुमची.