यंत्राशीं बोलावें कोणत्या भाषेंत?

नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराची झोप पानांवरच्या ओलीनें उडते. ती ओल किती वेळ टिकली, यावर केवडा रोगाची भीति आणि औषधाची फवारणी, दोन्ही अवलंबून. २००० नंतरच्या दशकांत मुंबईच्या आय. आय. टी.च्या संशोधकांनीं येथील सुला द्राक्षमळ्यांत हवामान टिपणाऱ्या बिनतारी यंत्रांचें जाळें पसरून पाहिलें.

अशा यंत्रांसाठीं आज्ञावली कोणत्या संगणकभाषेंत लिहावी? आधीं यंत्र केवढें, तें पाहावें. बर्कलीच्या विद्यापीठांतील संशोधनांतून निपजलेल्या मायका-२ची कामचलाऊ स्मृति अवघी ४ किलोबाइट, आणि तिचा शिधा दोन लहान विद्युत्घट! तेथें ऐसपैस भाषेला पाऊल टेकण्याइतकीहि जागा नाहीं. १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनीं रचलेली सी, किंवा तिच्याच पोटीं जन्मलेली नेससी, तेवढी तेथें नांदूं शकते.

कचेरींतल्या संगणकाची गोष्ट निराळी. तेथें पायथॉन घ्या, जावा घ्या. यंत्राकडून येतात ते नुसते अंक. ३०० हा आंकडा १ आणि ४४ अशा दोन बाइटांनीं येतो. क्रम उलटा धरला कीं त्याचे ११,२६५ होतात, मग भाषा कोणतीहि असो. म्हणून जाणता कारागीर प्रथम यंत्राची माहितीपुस्तिका उघडतो. भाषा मागाहून, हातवळणीची असेल ती. उलट्या वाचलेल्या आंकड्यानें कोरडीं पानें ओलीं ठरतात, नको ती फवारणी होते, आणि युरोपला निघालेल्या घडांत तर औषधाचा अंशन् अंश मोजला जातो.